१०० मिलिअँपिअरच्या डोंगलने यंत्र रीसेट का होतं?

‘अ‍ॅक्सेसरी ५०० मिलिअँपिअरच्या आत असली की यूएसबी पोर्टला धोका नाही’ हा समज चुकीचा आहे. तो आकडा चालू स्थितीतला. जोडतानाचा झटका वेगळाच. डोंगलमधला १०० मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर पोर्टच्या १२० मायक्रोफॅरडच्या भरलेल्या कपॅसिटरला भिडला, की ५ व्होल्टचे क्षणभर साधारण २.७ होतात आणि प्रोसेसर रीसेट. म्हणूनच यूएसबी २.० मध्ये जोडताना दिसणाऱ्या कपॅसिटन्सला १० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. पाळतं कोण, हा प्रश्न निराळा!

पॉलिफ्यूज (जादा करंटने तापून प्रवाह रोखणारा फ्यूज) इथे निरुपयोगी, तो फार सावकाश तापतो. झटका आवरायला वाटेत घातलेला १ ओहमचा रेझिस्टर ५०० मिलिअँपिअरला कायमचा अर्धा व्होल्ट खातो. पोर्टआधी सॉफ्ट-स्टार्टवाला लोड स्विच (व्होल्टेज हळूहळू चढवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) घाला: डोंगल जोडल्यावर ५ मिलिसेकंदांत व्होल्टेज चढवलं, तर तोच कपॅसिटर फक्त १०० मिलिअँपिअर ओढतो.