फूड टेक्नॉलॉजीचा प्रवेश : फॉर्म भरण्याआधी काय तपासायचं

"टीचर, फूड टेक्नॉलॉजीला जायचंय. फॉर्म कधी सुटतात?"

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या डिचोली, साखळी, पेडण्याकडची दोन-चार मुलं तरी हा प्रश्न घेऊन घरी येतात. त्यांना उत्तर देणं मला जड जातं. ज्या फॉर्मबद्दल ती विचारतात, त्याची मुदत निकालाच्या कितीतरी आधी उलटून गेलेली असते. मुलं हुशार असतात, गुण चांगले असतात, आणि तरी वर्ष जातं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. अकरावीत मूल असलेल्या पालकांनी तर नक्की वाचावं.

पहिली अडचण अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच तयार होते. "अन्न म्हणजे बायोलॉजी" असं समजून मुलं गणित सोडतात. बीटेक फूड टेक्नॉलॉजी ही अभियांत्रिकीची पदवी आहे. हरियाणातल्या कुंडलीची आणि तमिळनाडूतल्या तंजावरची निफ्टेम (राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता आणि व्यवस्थापन संस्था) या दोन केंद्रीय संस्था. २०२१ च्या कायद्याने त्यांना राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. तिथला बीटेकचा प्रवेश जेईई मेनवर होतो आणि त्या परीक्षेत भौतिक, रसायन आणि गणित असतं. दूध कसं तापवायचं, किती वेळ, कुठल्या नळीतून किती वेगाने न्यायचं, हे सगळं गणितच आहे. बायोलॉजी आवडत असेल तर जरूर घ्या, पण गणित सोडू नका. गणित सुटलंच असेल तर बीएस्सीची वाट उरते: सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, नाहीतर गृहविज्ञान. ती वाटही चांगली आहे, पण तिच्यात एक खाच आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

आता तारखा. जेईई मेन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये होते. जानेवारीच्या परीक्षेचा फॉर्म आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपास सुटतो. कृषी विद्यापीठांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या जागा सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर भरतात, आणि त्या फॉर्मची मुदतही बारावीच्या धामधुमीत येते आणि जाते. इथे आणखी एक गफलत होते. सीयूईटी दिली म्हणजे झालं, असं मुलांना वाटतं. तसं नाही. या जागा वाटते ती आयसीएआर, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषद. तिच्या समुपदेशनासाठी (जागावाटपाच्या फेऱ्यांसाठी) नंतर वेगळी नोंदणी करावी लागते. ती केली नाही तर गुण कितीही असोत, यादीत नावच येत नाही. सीयूईटीत विषय निवडतानाही आयसीएआरला कुठले विषय चालतात ते आधी पाहा. परीक्षा झाल्यावर ते बदलता येत नाहीत.

सिंधुदुर्गात मामा-मावशी असलेल्या घरांतून हमखास येणारा प्रश्न म्हणजे "मुंबईच्या आयसीटीला एमएचटी-सीईटी देऊन जमेल का?" आयसीटी म्हणजे माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. तिथे फूड इंजिनीअरिंगचा बीटेक आहे आणि तो उत्तम आहे. पण तिथल्या ७० टक्के जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी एमएचटी-सीईटी या त्या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर असतात, उरलेल्या ३० टक्के देशभरातल्या मुलांसाठी जेईई मेनवर. गोव्याचा रहिवासी असलेल्या मुलाने त्या ३० टक्क्यांकडे बघावं. मामाच्या पत्त्यावर महाराष्ट्राचा दाखला काढायच्या भानगडीत पडू नका. पुढे गोव्यातल्या नोकरीसाठी गोव्याचा रहिवास दाखवायची वेळ येते, तेव्हा तोच कागद आडवा येतो.

कागदांत मुलं सगळ्यात जास्त अडकतात ती नावापाशी. माझ्या एका विद्यार्थिनीचं आडनाव नाईक. तिच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर रोमी लिपीत शेवटी 'के' होता, तर बाबांच्या जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाने 'क्यू-यू-ई'. जातीचा दाखला बाबांच्या नोंदीवरून निघाला, म्हणून त्यावरही 'क्यू-यू-ई' आलं. गोव्यातल्या कुणालाही ही दोन्ही आडनावं एकच वाटतील. दुसऱ्या राज्यात संगणकासमोर बसलेल्या तपासनिसाला ती दोन वेगळी माणसं वाटली, आणि का वाटू नयेत? शंका प्रवेशाच्या पोर्टलवर आली होती. मुलगी मोबाइलच्या संदेशाची वाट बघत राहिली, उत्तराची मुदत टळली आणि जागा गेली. त्या मुलीचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हा बारावीच्या आधीच्या सुट्टीत एक संध्याकाळ काढा. मुलाचा जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, जातीचा दाखला आणि आईबाबांचे जन्मदाखले टेबलावर ओळीने मांडा. प्रत्येक नाव अक्षर-अक्षर लावून वाचा. शाळेच्या नोंदीत चूक असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे अर्ज करा. शाळा सुटल्यावर तेच काम तिप्पट वेळ खातं. नाव किंवा आडनावच बदलायचं असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात चौकशी करा. आणि जागा मिळाल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ पोर्टलवर लॉगिन करून बघा. संदेशावर विसंबू नका.

ओबीसी मुलांसाठी खास सूचना. निफ्टेमसारख्या केंद्रीय संस्थांतल्या जेईई मेनवरच्या जागा 'जोसा' या संयुक्त जागावाटपातून मिळतात. त्या प्रवेशात नॉन-क्रीमी लेयरचा दाखला त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो, आणि तोही केंद्राच्या नमुन्यात. राज्याच्या नमुन्यातला, गेल्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला घेऊन मुलं निर्धास्त असतात, आणि तिथेच चुकतं. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे ना, हेही बघा. राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगळ्या आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच मामलेदार कचेरी गाठा. "जूनमध्ये या" असं कुणी सांगितलं तर नम्रपणे पण ठामपणे तारखेची अट दाखवा. खिडकीमागच्या माणसाला ही अट ठाऊक नसणं मी अनेकदा पाहिलं आहे, आणि दरवेळी भुर्दंड पडतो तो मुलाला. गावडा, कुणबी आणि वेळीप समाज २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. त्यांना नॉन-क्रीमी लेयरचा दाखला लागत नाही, तरी काही घरांतून तोच घेऊन येतात.

पैशांची अडचण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे. फोटो, सही, फी भरणं या गोष्टी फॉर्मवर लिहिल्याप्रमाणे करा, त्यात काही अवघड नाही.

आता बीएस्सीच्या वाटेतली मघाशी म्हटलेली खाच. "शिकून पुढे काय?" असं पालक विचारतात. गोव्यातच बरंच काही आहे. फोंडा आणि डिचोली तालुक्यांत नेस्लेचे कारखाने आहेत, कुर्टीला गोवा डेअरी आहे, काजूचे कारखाने आहेत, मासळी निर्यातीची युनिट्स आहेत. बेबिंका या आपल्या थरांच्या गोड पदार्थाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती न खवटता किती दिवस टिकेल आणि पाकिटावर कुठली तारीख छापायची, हे सांगायला अन्नशास्त्र शिकलेलं माणूसच लागतं. एमएस्सी करायची तर म्हैसूरला १९५० पासूनची सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. पण बऱ्याच घरांना हवी असते सरकारी नोकरी, म्हणजे बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनातलं अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं पद. त्याची पात्रता २०११ च्या केंद्रीय नियमांत दिली आहे: फूड टेक्नॉलॉजी, डेअरी टेक्नॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, ऑइल टेक्नॉलॉजी, कृषी, पशुवैद्यक, जैवरसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्रातली पदवी, रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, किंवा वैद्यकीय पदवी. नुसती रसायनशास्त्रातली बीएस्सी त्यात नाही. गृहविज्ञान आणि पोषण हे शब्द तिथे नावानिशी नाहीत. पदवीचं नाव यादीतल्या नावाशी जुळत नसेल तर ती समकक्ष असल्याचं कागदावर दाखवावं लागतं. 'आम्ही तेच विषय शिकलो' हे तोंडी सांगून भागत नाही. म्हणून कॉलेज निवडतानाच विचारा: पदवी प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येणार? माहितीपुस्तिकेतल्या चकचकीत नावावर जाऊ नका, आधी पास झालेल्या एखाद्या विद्यार्थ्याचं प्रमाणपत्र बघायला मागा. अन्न विश्लेषक, म्हणजे प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासणारा अधिकारी, व्हायचं असेल तर मात्र अन्न व पोषणातली एमएस्सी चालते. त्यासाठी अन्नाच्या तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव आणि एफएसएसएआयची (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची) परीक्षा, दोन्ही लागतात.

गोवा सरकारच्या नोकरीला कोंकणीचं ज्ञान आवश्यक असतं, मराठी येत असेल तर इष्ट. आणि १५ वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. पेडणे, डिचोली, सत्तरीतली कितीतरी मुलं एखाद-दोन वर्षं हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्ग किंवा बांद्याच्या शाळेत गेलेली असतात, आणि तलाठ्याच्या चौकशीत नेमकी तीच वर्षं उघडी पडतात. तुमच्या मुलाचं तसं असेल तर त्या शाळेचा दाखला आणि त्याच वर्षांतली घरची वीजबिलं, रेशनकार्ड, मतदार यादीतली आईबाबांची नावं, असं सगळं एकाच फाईलमध्ये आत्तापासून घालून ठेवा. जुनी वीजबिलं रद्दीत देऊ नका.