नुनावुतमधील लैंगिक संसर्गनियंत्रण

कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय टापूतील नुनावुत या प्रदेशात क्लॅमिडिया, परमा (गोनोरिया) आणि उपदंश (सिफिलिस) यांना आळा घालण्यासाठी चालणारे सार्वजनिक आरोग्याचे काम. १ एप्रिल १९९९ रोजी स्थापन झालेल्या या प्रदेशात २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ३७ हजार लोक राहतात. त्यांत इनुइट या मूळ रहिवासी समाजाचे लोक बहुसंख्य असून वस्ती २५ गावांत विखुरलेली आहे आणि गावांना जोडणारे रस्ते नाहीत. क्लॅमिडिया व परमा यांचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे. २०१२ मध्ये उपदंशाचीही साथ सुरू झाली.

हे तिन्ही आजार औषधांनी बरे होतात. उपदंशाच्या सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख एककांची मात्रा, सहसा दोन्ही कुल्ल्यांत निम्मी-निम्मी, एकाच भेटीत टोचली की उपचार पुरा होतो. घोडे अडते ते निदानापाशी. बहुतेक गावांतील आरोग्यकेंद्र परिचारिकाच सांभाळतात, नमुने विमानाने दूरच्या प्रयोगशाळेकडे जातात आणि हिमवादळात विमान उडाले नाही तर तिथेच अडकून पडतात. अहवाल हाती येईपर्यंत रुग्ण शिकारीसाठी गावाबाहेर गेलेला असू शकतो आणि संसर्ग तोवर पुढे गेलेला असतो. म्हणूनच बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर मिनिटभरात एचआयव्ही व उपदंश या दोहोंचा निकाल देणाऱ्या चाचणीला कॅनडाने २०२३ मध्ये दिलेली मंजुरी येथे विशेष मोलाची ठरते: रुग्ण खुर्चीवरून उठण्यापूर्वीच उपचार सुरू करता येतो.

विश्वासाचा प्रश्न मात्र यंत्राने सुटत नाही. लहान गावात केंद्रातील दुभाषी नात्यातलीच निघू शकते. त्यांचीही तपासणी व्हावी म्हणून लैंगिक जोडीदारांची नावे तिच्यासमोर सांगणे कोणालाही जड जाईल. शिवाय १९५० च्या दशकात ‘सी. डी. हाऊ’ या सरकारी जहाजावर एक्स-रे काढून क्षयरोगी ठरलेल्या इनुइटांना दक्षिणेकडील रुग्णालयांत नेण्यात आले. त्यांतले कित्येक परतले नाहीत आणि त्यांना कोठे पुरले हेही अनेक घरांना कळले नाही. याबद्दल कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन त्रुदो यांनी ८ मार्च २०१९ रोजी नुनावुतची राजधानी इकालुइट येथे माफी मागितली. ही आठवण असलेल्या समाजात बाहेरून आलेल्या फलकांपेक्षा पाउक्टूटिट या इनुइट महिला संघटनेने (स्थापना १९८४) इनुइटांच्या इनुक्टिटूट भाषेतून केलेले प्रबोधन अधिक जवळचे वाटणे स्वाभाविक आहे.

गर्भवतींच्या तपासणीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते, कारण उपचार न झालेला उपदंश गर्भापर्यंत पोचून मृतजन्म किंवा बाळाला कायमचे व्यंग यांस कारण होऊ शकतो. अनेक स्त्रियांना प्रसूतीसाठी काही आठवडे आधीच गाव सोडून विमानाने जावे लागते. त्यापूर्वीच तपासणी आणि पेनिसिलिन मिळाले, तर बाळ वाचू शकते.