शिरस्त्राणकला

शिरस्त्राणकला : योद्ध्याच्या डोक्याचे रक्षण करणारा टोप घडवताना केलेली आकाररचना, ठोककाम, कोरीव काम, जडाव व रंगकाम यांचा समावेश शिरस्त्राणकलेत होतो. चिलखताच्या इतर भागांपेक्षा टोपावर कारागिरांनी अधिक कष्ट घेतलेले दिसतात, कारण रणांगणाच्या गर्दीत सर्वांत दुरून नजरेस पडतो तो टोपच. त्यावरून सेनानी ओळखू येतो, त्याचे कूळ व हुद्दा कळतो. शिवाय चेहरा झाकला जात असल्यामुळे त्या जागी कोणता चेहरा बसवायचा याची मोकळीक कारागिराला मिळते. या कलेत एक पेच मात्र पुन्हा पुन्हा आड येतो. चांगल्या टोपाचा पृष्ठभाग गुळगुळीत व उतरता असला, की वार त्यावरून घसरून जातो. उलट उठावाची नक्षी, शिंगे आणि तुरे तलवारीच्या पात्याला अडकायला जागा करून देतात. हा पेच कोणी कसा सोडवला, किंवा तो सोडवायचाच नाही असे कोणी ठरवले, यावरून निरनिराळ्या संस्कृतींची शिरस्त्राणे वेगळी ओळखता येतात.

पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुली यांना मेसोपोटेमियातील (आजचा इराक) उर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत सापडलेले मेस्कालामदुग याचे शिरस्त्राण (इ.स.पू. सु. २५००) हे या कलेच्या सर्वांत जुन्या उत्कृष्ट नमुन्यांपैकी एक आहे. सोन्यात चांदी मिसळलेल्या एकाच पत्र्यातून ते ठोकून घडवले असून त्यावर केसांच्या लाटा, डोक्याभोवतीचा पट्टा, मागचा अंबाडा आणि दोन्ही कान दाखवले आहेत. केसांची बट न् बट बारीक रेषांनी रेखलेली आहे. कडेने पाडलेली लहान छिद्रे आतले अस्तर बांधण्यासाठी होती. इतक्या मऊ धातूचा टोप लढाईत टिकणारा नव्हे, म्हणजे मिरवण्यासाठी शिरस्त्राण करण्याची रीत निदान साडेचार हजार वर्षे जुनी ठरते. चीनमधील आन्यांग येथे शांग काळातील कांस्य टोप मोठ्या संख्येने मिळाले असून त्यांपैकी काहींच्या कपाळपट्टीवर पशुमुख ओतलेले आहे. प्राचीन ग्रीसमधील मायसीनी संस्कृतीत रानडुकरांच्या सुळ्यांचे काप चामड्याच्या टोपीवर ओळीने शिवत. एका टोपाला अनेक डुकरांचे सुळे लागत असल्यामुळे तो शिकारीच्या पराक्रमाचीही साक्ष देई.

ग्रीकांच्या कॉरिंथियन टोपावर (इ.स.पू. सातव्या शतकापासून) नक्षी बहुधा अगदी थोडी असते, तरीही घडणीच्या दृष्टीने त्याचे स्थान फार वरचे आहे. कांस्याचा एकच पत्रा पुन्हा पुन्हा तापवून व ठोकून कवटी (टोपाचा डोक्यावर बसणारा मुख्य भाग), गाल, नाकपट्टी आणि मानेवरचा उतार हे सारे एका अखंड वळणात साधलेले असते आणि डोळ्यांच्या बदामी खाचांमुळे त्याला थंड, निर्विकार मुद्रा येते. असे टोप ऑलिंपियाच्या देवस्थानात मोठ्या संख्येने वाहिले जात. अथेन्सचा सेनानी मिल्टायडीझ याचे नाव कोरलेला टोप तेथील संग्रहालयात आहे. रोमन घोडदळाने चेहऱ्याची कल्पना याहून पुढे नेली. कवायतीच्या खेळांसाठी त्यांनी संपूर्ण मानवी मुखवटा असलेले टोप वापरले. १७९६ मध्ये इंग्लंडमधील रिबचेस्टर येथे मिळालेला, लढणाऱ्या आकृतींनी भरलेला टोप त्यांत प्रसिद्ध आहे.

इंग्लंडमधीलच सटन हू येथे १९३९ मध्ये एका नौकादफनात मिळालेले सातव्या शतकाच्या आरंभीचे शिरस्त्राण शेकडो तुकड्यांत फुटलेले होते. १९४५–४६ मधील जुळणी पुढे सदोष ठरली आणि १९७०–७१ मध्ये नायजेल विल्यम्स यांनी ते नव्याने जोडले. त्याच्या मुखपट्टीवर चेहरा आणि प्राणी एकमेकांत मिसळून गेले आहेत : भुवया म्हणजे पसरलेले पंख, नाक म्हणजे धड आणि मिशी म्हणजे शेपूट, अशी एक उडती आकृती समोरून दिसते आणि तिचे डोके माथ्यावरून उतरणाऱ्या सर्पाकृती कण्याच्या तोंडाला भिडते. भुवयांची टोके सोनेरी वराहमुखांची असून त्यांखाली लाल तामड्याच्या खड्यांची ओळ आहे. एका भुवईच्या खड्यांमागे सोन्याचा वर्ख आहे आणि दुसऱ्या भुवईच्या खड्यांमागे तो नाही. म्हणून उजेडात एकच बाजू झळके. उत्तर युरोपीय पुराणकथांतील एका डोळ्याच्या ओडिन देवाशी काही अभ्यासक याचा संबंध जोडतात. याच प्रकारचे टोप स्वीडनमधील वेंडेल व वाल्सयार्डे येथे मिळाले आहेत. व्हायकिंग योद्ध्यांच्या टोपाला शिंगे असत, ही समजूत मात्र निराधार आहे. ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील रंगभूमीच्या वेशभूषेतून रूढ झाली. डेन्मार्कमधील व्हेक्सो येथील शिंगांचे कांस्य टोप व्हायकिंगांच्या कितीतरी शतके आधीचे आहेत.

वर सांगितलेला पेच जपानी कारागिरांनी सर्वांत हुशारीने सोडवला. काबुतो या जपानी शिरस्त्राणाची कवटी अनेक निमुळत्या लोखंडी पट्ट्या खिळ्यांनी जोडून केलेली असते. चांगल्या टोपात या पट्ट्या ६२ किंवा त्याहूनही अधिक असत आणि त्यांच्या उभ्या वळवलेल्या कडांमुळे माथ्यापासून खाली उतरणाऱ्या रेषांचे शिस्तशीर सौंदर्य उमटे. सोळाव्या शतकात सैन्ये अफाट वाढली आणि बंदुका आल्या, तेव्हा हजारोंच्या गर्दीत सेनापती दिसावा म्हणून कावारी काबुतो, म्हणजे विलक्षण आकारांचे टोप, पुढे आले. त्यांत आतली लोखंडी कवटी साधी ठेवत आणि तिच्यावर लाकूड, चामडे, कागद व रोगण यांचा हलका आकार उभारत : शंख, माशाची शेपूट, सशाचे कान, दरबारी टोपी. घाव बसला तर सजावट तुटे, कवटी शाबूत राही. सेनानी होंडा तादाकात्सूच्या टोपावरील हरणाची भव्य शिंगे कागदाचे थर चिकटवून, वर काळे रोगण देऊन केलेली आहेत. कुरोदा नागामासाच्या चंदेरी टोपाने इचिनोतानीच्या कड्याचे रूप घेतले आहे. ११८४ च्या लढाईत त्या कड्यावरून घोडदळ उतरल्याची कथा पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होती. दाते मासामुनेच्या टोपावरील सोनेरी चंद्रकोरीची एक बाजू आखूड आहे. तलवार उगारताना ती आड येऊ नये म्हणून तसे केल्याचे सांगतात.

इराण, तुर्कस्तान व भारत येथील कारागिरांनी दुसरा मार्ग धरला : नक्षी पृष्ठभागाच्या वर येऊच द्यायची नाही. कोफ्तगरीत पोलादावर धारदार हत्याराने बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढून तो खरबरीत करतात, त्यावर सोन्याची तार किंवा वर्ख ठोकून बसवतात आणि मग घोटून चकाकी आणतात. त्यामुळे वेलबुट्टी व सुलेखन यांनी मढलेला टोपही हाताला जवळजवळ सपाट लागतो आणि त्याचा उतार बिघडत नाही. पंधराव्या शतकातील पश्चिम आशियाई टोपांत कवटीलाच पागोट्यासारख्या तिरप्या पन्हळी दिलेल्या आढळतात, तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही शीख टोपांना केसांच्या बुचड्यासाठी माथ्यावर डौलदार फुगवटा ठेवलेला असतो.

युरोपीय प्रबोधनकाळात मिलानच्या नेग्रोली घराण्याने पेच सरळ बाजूला सारला. फिलिपो नेग्रोली याने १५४३ मध्ये सही करून घडवलेला टोप न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याची कवटी एकाच पोलादी पत्र्याची असून माथ्यावर पाठीवर रेललेली जलस्त्री मेडूसा या ग्रीक पुराणातील सर्पकेशी राक्षसीचे मस्तक धरून आहे आणि दोन्ही अंगांना वेलींत खेळणारी बालके आहेत. पोलाद सोन्याप्रमाणे हातोडीपुढे नमत नाही. ते वारंवार तापवावे लागते आणि उठाव वाढेल तसा पत्रा पातळ होऊन तडकण्याची धास्ती असते. असा टोप लढाईसाठी नव्हता, पण पोलादाच्या कामात याच्या तोडीचे फार थोडे सापडेल. इन्सब्रुकच्या कोनराड झॉइसेनहोफरने १५११–१४ मध्ये घडवलेला आणि सम्राट माक्सिमिलियनने इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला भेट दिलेला टोप अगदी वेगळ्या प्रवृत्तीचा आहे : मेंढ्याची वळलेली शिंगे, चष्मा आणि हनुवटीवरचे खुंटसुद्धा कोरलेला चेहरा.

धातूशिवायही ही कला बहरली. हवाईमध्ये वेलीच्या मुळांच्या विणीवर लाल-पिवळी पिसे बांधून माहिओले नावाचे टोप करीत. राजा कालानिओपूने २६ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकला दिलेला माहिओले २०१६ मध्ये हवाईत परतला. अलास्कातील त्लिंगित लोक लाकडातून प्राणिमुखे कोरत. १८०४ मध्ये सिटका येथे रशियनांशी लढताना क्याल्यान या नेत्याने घातलेला डोमकावळ्याचा टोप जतन केलेला आहे. पॅसिफिक महासागरातील किरिबाटी बेटांवर काटेरी फुगा माशाची वाळवलेली कातडीच टोप म्हणून चढवीत.

बंदुकीपुढे टोप जवळजवळ नाहीसा झाला होता, तो १९१५ मध्ये तोफगोळ्यांच्या तुकड्यांमुळे परत आला. मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील शस्त्रविभागाचे प्रमुख बॅशफर्ड डीन यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी जुन्या शिरस्त्राणांच्या अभ्यासावरून नवे नमुने आखले. मात्र युद्ध संपेपर्यंत अमेरिकी सैनिक प्रामुख्याने ब्रिटिश धर्तीचे पसरट टोपच वापरत राहिले आणि त्यांचा रुंद कडांचा आकारही मध्ययुगीन पायदळाच्या टोपाशी जुळणाराच होता.