हॅम रेडिओ पुरात कुठवर पुरतो?

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात. पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची इथली जुनी रीत आहे. ही खबर आता मोबाईलवरून क्षणात पसरते. वीज जाऊन टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की मात्र हॅम रेडिओची, म्हणजे हौशी चालकांच्या बिनतारी संचांची, आठवण होते, आणि २००१ च्या भूज भूकंपात किंवा २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हौशी रेडिओचालकांनी केलेल्या कामाचे दाखले दिले जातात. ते काम मोठेच होते. पण त्यावरून हा रेडिओ मोबाईलची उणीव भरून काढेल असे मानणे चुकीचे ठरेल.

हातात मावणारा पाच वॅटचा संच साधारण १४५ मेगाहर्ट्‌झवर चालतो आणि त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. अँटेनाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१ ने गुणले की रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. म्हणजे रामकुंडावर उभ्या असलेल्या माणसाला सपाट, मोकळ्या जमिनीवरही जेमतेम पाच किलोमीटर, आणि पंचवटीच्या दाटीवाटीत त्याहून कमी. उंच डोंगरावर रिपीटर (आलेला संदेश झेलून पुढे प्रसारित करणारा संच) असल्यास पल्ला कितीतरी वाढतो, परंतु त्यालाही वीज लागते आणि जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या दऱ्या डोंगरांच्या आडच राहतात.

लघुलहरींची गंमत याहून वेगळी आहे. सात मेगाहर्ट्‌झच्या लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या उंचावरच्या विद्युतभारित थरावरून, परततात. मात्र रात्री तेथील इलेक्ट्रॉनांची घनता घटली की उभ्या कोनात गेलेल्या लहरी परत न येता अवकाशात निघून जातात, तिरप्या गेलेल्या तेवढ्या दूरवर उतरतात. अशा वेळी नाशिकचा आवाज दिल्लीत स्पष्ट पोहोचतो आणि पन्नास किलोमीटरवरच्या पेठला अजिबात ऐकू येत नाही. उपाय म्हणून साडेतीन मेगाहर्ट्‌झवर यावे, तर अँटेना म्हणून अर्ध्या तरंगलांबीची तार सुमारे ४० मीटर लांब लागते. सोसायटीच्या गच्चीवर, तेही भर पावसात, ती ताणून दाखवावी!

कायद्याची चौकट निराळीच आहे. एरवी तिऱ्हाइताचे निरोप पोहोचवता येत नाहीत. आपत्तीत दळणवळण कोलमडले, तरच जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्यांचे संदेश नेण्याची मुभा भारतीय नियमांत आहे. शिवाय बोलणे सांकेतिक करता येत नसल्याने जखमींची नावे सगळ्यांच्या कानी पडतात.

खरी मर्यादा मात्र वेळेची आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एका वारंवारितेवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. एका संदेशाला दीड मिनिट धरले तरी तासाला चाळीसच संदेश होतात; हजारो कुटुंबांची ‘आम्ही सुखरूप आहोत’ ही निरोपानिरोपी त्यात बसणे शक्य नाही. त्यातून धरणाचा विसर्ग सांगताना खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सारखेच ऐकू येतात. म्हणून मुरलेला चालक ‘पाच, नऊ’ असे सुटे अंक सांगतो, ऐकणारा ते लिहून घेऊन पुन्हा वाचून दाखवतो, आणि तेवढा वेळ बाकी सगळ्यांना गप्प बसावे लागते.