लाईट फेकायच्या आधी ड्रायव्हर बघा

फ्लड लाईट घेऊन दुकानात आलं की लोक सरळ विचारतात, "एलईडी गेली ओ, नवीन केवढ्याला?" आणि आम्ही मागचं झाकण खोललं की बऱ्याचदा एलईडी ठणठणीत असते, गेलेला असतो तो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला मोजून करंट देणारा भाग. म्हणून हा कागद काढलाय. घरातल्या नऊ वॉटच्या बल्बाबद्दल नाही बरं का, हे शेडमधले, मंडपातले, ग्राउंडवरचे मोठे लाईट आणि एलईडी प्रोजेक्टर, त्यांच्याबद्दल.

एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकी सगळं सोपं जातं. एलईडीला व्होल्टेज मोजून द्यायचं नसतं, करंट मोजून द्यायचा असतो. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात, पण तेच व्होल्टेज जरासं वाढवलं की करंट भसकन वाढतो आणि एलईडी तापते, तापली की तिला लागणारं व्होल्टेज अजून खाली येतं, म्हणजे त्याच व्होल्टेजवर अजून जास्त करंट, अजून ताप, असं करत करत एक दिवस चिपवर काळा ठिपका पडतो. ट्रॅक्टरला चार एलईडी सिरीजमध्ये लावून थेट बॅटरीला जोडतात की नाही, बंद गाडीत 12 व्होल्टला मस्त चालतात, इंजिन चालू झालं की चार्जिंगला 14 च्या वर जातंय आणि तिथंच खेळ संपतो. ड्रायव्हरचं काम एवढंच, मागून व्होल्टेज कितीही हललं तरी पुढं करंट ठरला तेवढाच सोडायचा.

म्हणून ड्रायव्हर बदलताना नुसतं "50 वॉटचा द्या" म्हणू नका, लेबल बघा. 50 वॉटच्या नेहमीच्या सीओबीला (एकाच पट्टीवर बऱ्याच एलईडी चिप बसवलेली मोठी एलईडी) 30 ते 36 व्होल्ट आणि 1500 मिलिअँप लागतात, त्याच 50 वॉटचा दुसरा ड्रायव्हर 300 मिलिअँप आणि दीडशे व्होल्टच्या वरचा पण असू शकतो, दोन्हीवर 50 च लिहिलेलं. वॉट जुळून उपयोग नाही, करंट जुळला पाहिजे आणि एलईडीचं व्होल्टेज ड्रायव्हरच्या रेंजमध्ये बसलं पाहिजे. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर-नंबर, म्हणजे नोंदणी नंबर, आहे का तेवढं पण बघून घ्या.

आणि हो, ड्रायव्हर चालू ठेवून एलईडीची वायर टच करून बघायची सवय सोडा. लोड नसला की ड्रायव्हर जास्तीत जास्त व्होल्टेजला जाऊन बसतो, त्यात वायर टेकवली की आतल्या कपॅसिटरमधलं (वीज साठवणारा भाग) सगळं एकदम एलईडीत उतरतं, फट्ट. आधी एलईडी जोडा, मग मेन चालू करा. स्वस्तातले नॉन-आयसोलेटेड ड्रायव्हर असतात त्यांची आउटपुटची वायर पण मेनशीच जोडलेली असते, पंपशेडमध्ये ओल्या हातानं शिवायला जाऊ नका. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत उरलेलं असू शकतं.

आपल्याकडच्या लाईनचं तर काय सांगायचं. वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली, की दुसऱ्या दिवशी खानापूर साईडचे लाईट यायला लागतात. विजेच्या झटक्याला एमओव्ही नावाचा बारका भाग असतो, तो थोडा वेळ अंगावर घेतो. पण न्यूट्रल तुटला आणि सिंगल फेजवर साडेतीनशे-चारशे व्होल्ट आले तर एमओव्ही काय करणार, तोच पहिला जळतो. शेडला ओव्हर-व्होल्टेज कटऑफ बसवा, चार ड्रायव्हर वाचले की त्याचे पैसे निघाले. शिवजयंतीच्या चित्ररथावर आणि गणपतीत जनरेटर असतो, तिथं आधी जनरेटर चालू करून स्थिर होऊ द्या, मग लाईट लावा, आणि बंद करताना आधी लाईट, मग जनरेटर. पोरं घाईत बरोबर उलटं करतात.

ड्रायव्हर मरतो त्याचं दुसरं कारण म्हणजे ताप. आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, ढोबळ हिशोब असा की 10 डिग्री ताप वाढला की त्याचं आयुष्य निम्मं. डोकं फुगलेला कपॅसिटर दिसला की समजायचं. फौंड्रीत भट्टीच्या वर लाईट असेल तर ड्रायव्हर लाईटच्या पाठीवर ठेवू नका, वायर ओढून खाली भिंतीवर घ्या.

आता लेथवाल्यांसाठी, हे जरा नीट वाचा. आपली लाईन 50 हर्ट्झची, त्यामुळं साधा ड्रायव्हर असेल तर लाईट सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होते, डोळ्याला कळत नाही. पण तीन जबड्यांचा चक (लेथवर जॉब धरून फिरणारा भाग) 2000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 2000 फेऱ्यांनी, फिरत असेल तर प्रत्येक झपक्याला तो बरोबर एक तृतीयांश फिरलेला असतो, म्हणजे दिसायला थांबल्यासारखा दिसतो! चार जबड्यांचा चक 1500 ला तसाच. हात घातला की गेला. मशीनवर फ्लिकर-फ्री, म्हणजे उजेड कमी-जास्त न होऊ देणारा, ड्रायव्हरच लावा, यात आम्ही पैशाकडं बघू नका असंच सांगतो. अंदाज घ्यायचा तर मोबाईलचा कॅमेरा लाईटवर धरा, काळे पट्टे सरकताना दिसले तर विचारा.

पॉवर फॅक्टरचं (लाईनमधून ओढलेल्यातलं खरं कामाला किती येतं त्याचा आकडा) थोडक्यात: स्वस्त ड्रायव्हरचा 0.5 च्या आसपास असतो, शंभर लाईटच्या कारखान्यात ते बिलात दिसतं, आणि नुसती कपॅसिटर बँक लावून ते सुटत नाही, कारण करंटचा आकारच बिघडलेला असतो.

प्रोजेक्टरवाले मंडळी गणपतीच्या आधी येतात आणि म्हणतात जुन्या प्रोजेक्टरचा बल्ब काढून 100 वॉटची सीओबी टाकून द्या. होत नाही ओ. प्रोजेक्टरची लेन्स बारक्या जागेतूनच उजेड उचलते, सीओबीचा उजेड मोठ्या गोलातून येतो, निम्म्याच्या वर आतच वाया जातो. प्रोजेक्टरची एलईडी म्हणून काही चौरस मिलिमीटरचीच असते आणि तिच्यात दहा-वीस-तीस अँपिअर कोंबतात. 30 अँपिअरला नुसता 10 मिलिओहमचा ढिला जॉइंट असला तरी 9 वॉट तिथंच जळतात, म्हणून या वायरी जाड आणि आखूडच पाहिजेत, मध्ये तुकडा जोडून लांब करू नका. डीएलपीमध्ये (बारक्या आरशांच्या चिपवर चालणारा प्रोजेक्टर) तर लाल, हिरवी, निळी एलईडी आळीपाळीनं पेटतात, ड्रायव्हरला काही मायक्रोसेकंदात एवढा करंट चालू-बंद करावा लागतो, लांब वायर त्यात आडवी येते आणि रंग एकमेकांत मिसळतात.

देखावा तासाभरानं हिरवट-निळा दिसायला लागला तर आधी ड्रायव्हरला शिव्या देऊ नका. तापल्यावर लाल एलईडीचा उजेड सगळ्यात जास्त कमी होतो. प्रोजेक्टरवर मंडपाचं कापड टाकलंय का, फॅनच्या जाळीत गुलाल बसलाय का ते बघा.

रिपेरीला आणताना लाईट आणि ड्रायव्हर दोन्ही आणा, नुसता ड्रायव्हर आणला की आम्हाला एलईडी तपासता येत नाही. लेबल पुसलं असेल तर जुन्या फोटोत दिसतंय का बघा. तपासायचे पैसे आम्ही घेत नाही. ड्रायव्हर बदलला तर एक वर्ष गॅरंटी, त्यात पाणी शिरलेलं आणि 300 व्होल्टच्या वर गेलेलं धरत नाही, खोलल्यावर एमओव्ही बघूनच कळतं. गणपतीचं काम श्रावण लागायच्या आधी टाका, नंतर आलात तर नंबर लागेल याची खात्री नाही.