कुकरमुळे बीफ स्ट्यूतील सत्त्व जळते काय?

कुकरच्या दाबाने बीफमधील सत्त्व जळून जाते, असे गोव्यातील अनेक घरांत आजही ठामपणे सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळत असल्यामुळे, उघड्या टोपात दोन-तीन तास घेणारे चिवट मांस पाऊण तासात मऊ होते आणि त्यातील लोह किंवा प्रथिने तेवढ्या उष्णतेने नाहीशी होत नाहीत. ब गटातील काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, काही पाण्यात उतरतात. परंतु तो रस आपण उंड्यांबरोबर (गोव्यातील गोल पावांबरोबर) खातोच, म्हणून तो कृपया ओतून देऊ नये. गाजर-बटाटे मांस शिजल्यावर घालावेत. खरी काळजी चरबीची घ्यावी: स्ट्यू पूर्ण निवल्यावर वर साकळलेला थर काढून टाकावा.