चर्ना वास

चर्ना वास : स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना हिच्या दक्षिणेकडील दलदलीत वसलेले छोटे गाव. प्रशासकीयदृष्ट्या ते ल्युब्लियाना महापालिकेत मोडते. येथील घरे चौकाभोवती गोळा झालेली नाहीत. ती रस्त्याच्या कडेने लांबवर एका ओळीत आहेत. दलदलीत बांधकामाजोगी जागा रस्त्यालगतच मिळे.

गाव फार जुने नाही. ल्युब्लियानित्सा नदीच्या पुराचे पाणी लवकर निघून जावे म्हणून १७७२ ते १७८० या काळात एक कालवा खोदला गेला. या कामाची आखणी करणारे जेझुइट धर्मगुरू गाब्रिएल ग्रुबर यांचे नाव त्याला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात चर खणून जमीन आणखी कोरडी केली गेली आणि तिथे शेतकरी वसवण्यात आले. त्यांच्या वाट्याला कष्टच आले. पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर, लोक जळणासाठी कापून नेत. तो कमी होईल तशी जमीन खचे आणि पूर पुन्हा शेतात शिरे.

गावाची खरी ओळख म्हणजे संत मिखाएलचे चर्च. वास्तुविशारद योझे प्लेचनिक यांनी ते १९३७-३८ मध्ये उभारले. भुसभुशीत मातीत लाकडी खांब ठोकून त्यांवर पाया घेतला आहे. प्रार्थनागृह जमिनीपासून उंचावर असून तिथे लांब दगडी जिन्याने जावे लागते. पोदपेच येथील खाणीचा गडद राखाडी चुनखडक बाहेर, तर आत लाकूड, असा साधा मेळ आहे. याच खाणीचा दगड रोमन काळात एमोना (आजच्या ल्युब्लियानाच्या जागी असलेले रोमन नगर) बांधण्यासाठीही वापरला गेला होता. थोड्या पैशात, हाताशी असलेल्या सामग्रीतून इतकी भारदस्त वास्तू उभी राहिली, हे प्लेचनिक यांचे मोठे यश मानावे लागेल. ल्युब्लियानातील त्यांच्या निवडक कामांचा २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला; त्यांत हे चर्चही आहे.

खांबांवर घर बांधण्याची रीत या दलदलीत फार पूर्वीपासून आहे. १८७५ मध्ये जवळच्या इग गावापाशी प्रागैतिहासिक खांबघरांचे अवशेष सापडले. तेही २०११ पासून जागतिक वारशाचा भाग आहेत. २००२ मध्ये याच दलदलीत व्हर्हनिका गावाजवळ मिळालेले लाकडी चाक सुमारे ५,१५० वर्षांपूर्वीचे असून ॲश झाडाच्या लाकडाचे चाक आणि ओकचा आस असलेला तो अवशेष जगातील सर्वांत जुन्या चाकांपैकी एक मानला जातो. ओल्या, हवाबंद चिखलामुळेच तो टिकला.

दलदलीचा बराच भाग २००८ पासून संरक्षित निसर्गोद्यान आहे. ओलसर कुरणांत कॉर्नक्रेक हा पक्षी जमिनीवर घरटे करतो. पिल्ले वाचावीत म्हणून अशा कुरणांत गवताची कापणी उशिरा करणे गरजेचे असते.